सतरा पंजे

लातूरच्या एमआयडीसीत शेषेरावांची बियाण्याची कंपनी आहे. कंपनी म्हणायचं ते पाटीवर लिहिलंय म्हणून. एक चाळणीची मशीन, पत्र्याची दोन गोदामं, एक उगवणीची खोली आणि पुढे चार टेबलांचं ऑफिस, एवढाच पसारा. सोयाबीनचं बियाणं इथं साफ होतं, तपासलं जातं आणि त्यातलं निम्मं नांदेडच्या गोदामात जाऊन पडतं. उज्वला शेषेरावांकडे एकोणीस वर्षं, आणि या ऑफिसात सुरुवातीपासून दारापासून दुसऱ्या टेबलावर बसत आली. तिच्या टेबलासमोर एक बाकडं होतं. दुसऱ्या कुणाच्या टेबलासमोर बाकडं नव्हतं, मालकाच्यासुद्धा नाही. ते तिथं का होतं हे ध्यानात आलं, की उज्वला ध्यानात येते.

ती मूळची हिमायतनगर तालुक्यातली. वडलांची नऊ एकर काळी जमीन, घरात माणसं पुष्कळ. चार भावांत ही एकटी बहीण. तिला कुणी कधी रागावलं नाही आणि कधी काही विचारलंही नाही. बैल कोणता घ्यायचा, कापूस कुठल्या रानात घालायचा, एवढंच काय तिचं स्थळ कोणतं पाहायचं, याची बैठक ओसरीवर बसे तेव्हा ती आत चहाचं आधण ठेवत असे. बारावी झाली, नांदेडला मावशीकडे राहून टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या आणि विसाव्या वर्षी लग्न होऊन लातूरला आली. नवरा भागवत एसटीच्या वर्कशॉपमध्ये. माणूस सरळ, पगार घरात आणणारा; पण विचारून काही करायची सवय त्यालाही नव्हती. फ्रिज आला तेव्हा तिला कळलं ते टेम्पो दारात थांबल्यावर.

शेषेरावांचं दुकान तेव्हा गंजगोलाईत होतं. रजिस्टर लिहायला कुणी पाहिजे होतं, हिचं अक्षर चांगलं, म्हणून ती चिकटली. पुढे कंपनी झाली, एमआयडीसीत आली, कॉम्प्युटर आले, आणि मालकाच्या केबिनमध्ये गणपतीच्या फोटोखाली एक सर्व्हर आला. तो दिवसरात्र घुंई करत बसे. त्यात एक फाईल होती, तिचं नाव ‘उगवण’. कोणत्या शेताचं बियाणं, कोणता लॉट, किती पोती, आणि शंभर दाण्यांतले किती उगवले, हे सगळं तिच्यात. सत्तरच्या खाली उगवण आली की तो लॉट बियाणं म्हणून बाद. मग तो तेलाच्या गिरणीला जायचा. म्हणजे कंपनीचा जीव त्या फाईलमध्ये होता म्हणा ना.

एके दिवशी उज्वला ती फाईल तशीच उघडी ठेवून जेवायला गेली. परत आली तर टेबलाशी तीन माणसं उभी. कॉम्प्युटर त्यांना सांगत होता, ही फाईल उज्वलाने उघडलेली आहे, तुम्हाला फक्त वाचता येईल. गोदामवाला म्हणाला, ‘ताई, तुम्ही बंद करा की, नाहीतर माझं एवढं लिहून घ्या.’ उज्वलाने बंद केली नाही. लिहून घेतलं. लिहिता लिहिता सहज विचारलं, कुठल्या रानातलं हाय, मळणीला पाऊस लागला होता का. तो बसून सगळं सांगत राहिला, तिने दिलेला चहा प्याला आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी दहाला येऊन पहिल्यांदा ती फाईल उघडत असे आणि संध्याकाळी सहाला सगळ्यात शेवटी बंद करी. बारा वर्षं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि तसं करू नका असंही कुणी म्हटलं नाही, कारण कुणाला ते कळलंच नाही. लोकांना वाटे सर्व्हरचीच ही पद्धत असेल. मग बाकडं आलं. गाडीवाले, शेतावर फिरणारे, चाळणीवरची माणसं, ज्याला जो आकडा चढवायचा तो बाकड्यावर बसून सांगायचा, आणि उज्वला दोन प्रश्न विचारल्याशिवाय लिहायची नाही. तिच्या प्रश्नांनी पुष्कळ चुका तिथल्या तिथे सापडत. संध्याकाळी नांदेडच्या गोदामाला फोन करून ती तिथल्या देविदासला कोणता लॉट ठेवायचा, कोणता काढायचा ते सांगे. देविदास रोज एकच वाक्य म्हणायचा, ‘तुम्ही म्हणसाल तसं, ताई.’ या वाक्यावर उज्वला घरी जाऊन भाकरी थापत असे, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

बाकड्यावर सगळ्यात जुना बसणारा मलप्पा. निलंग्याच्या पुढचा, कर्नाटकाला खेटून असलेल्या गावचा, उगवणीच्या खोलीत चौदा वर्षं. ओल्या कागदात गुंडाळलेले शंभर दाणे आठव्या दिवशी उघडायचे आणि चांगले कोंब मोजायचे, हे त्याचं काम. पण तो एक-दोन-तीन असं मोजत नसे. पाच कोंब झाले की एक पंजा. पंजे मोजायचे आणि उरलेले वर सांगायचे. तळहातावर बॉलपेनने लिहून यायचा आणि बाकड्यावर बसून म्हणायचा, ‘अक्का, सोळा वर तीन.’ उज्वला त्र्याऐंशी लिहायची. हा हिशेब त्या दोघांतच होता. लपवलेला नव्हता, फक्त तिसऱ्या कुणाला ऐकायची वेळच आली नव्हती.

मागच्या एप्रिलमध्ये सर्व्हर विकणाऱ्या पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं, की तुमची आवृत्ती आता बंद, नवीन घ्या, आणि माणशी परवाना घ्या, दरसाल. शेषेराव पत्र वाचून तापले. आपल्या ऑफिसात आपण बसायचं आणि परवाना पुण्याचा, हे त्यांना पटेना. कुणीतरी उदगीरच्या विरूपाक्षचं नाव सांगितलं. तिशीतला माणूस, अंगाने बारीक, बोलणं कमी. त्याने सर्व्हरपुढे मांडी घातली, दोन तास बघितलं आणि म्हणाला, ‘सर, हे काढून लिनक्स टाकतो. मशीन हीच चालेल. परवाना लागत नाही.’

‘मंग ते कुणाचं असतंय?’ शेषेरावांनी विचारलं.

‘कुणाचंच नाही. सगळ्यांचं. घरच्या बियाण्यासारखं समजा, सर. आपण पेरायचं, राखून ठेवायचं, शेजाऱ्याने मागितलं तर द्यायचं. कुणाला विचारायचं काम नाही.’

शेषेराव मोठ्यानं हसले. ‘अरे, घरचं बियाणं लोकं पेराय लागले तर मी काय विकू? बियाणं विकणाऱ्याच्या घरात तूच असलं आणून ठेवायलास व्हय!’ पण हसता हसता त्यांनी हो म्हटलं.

विरूपाक्षने जुन्या सर्व्हरची नोंदवही चाळली तेव्हा त्याला एक आजार सापडला. त्याने तो सगळ्यांदेखत सांगितला. ‘सर, ही उगवणची फाईल रोज दहाला अडकते आणि सहाला सुटते. वर्षानुवर्षं. त्यामुळे बाकीच्यांना लिहिता येत नाही. नव्यात हा त्रास राहणार नाही. एका वेळी दहा जण लिहितील, आणि नांदेडला त्याच क्षणी दिसेल.’

‘हो का,’ उज्वला म्हणाली. एकोणीस वर्षांत तिला हिशेब शिकवला नव्हता, उगवणीच्या खोलीत तिचं काम नव्हतं, बँकेत जायला वेगळा माणूस होता. ती जी काही होती ती त्या अडकलेल्या फाईलमुळे होती, आणि हा बाबा तिचा इलाज करायला आला होता. त्याच दिवशी शेषेराव जाता जाता म्हणाले, ‘आता तुमच्या डोक्याचा ताप गेला बघा, ताई. हंगाम सरला की तुम्हाला काय काम द्यायचं ते बघू.’ ते भल्या मनानं म्हणाले. पण ‘बघू’ या शब्दाचा अर्थ नोकरी करणाऱ्या कुणालाही विचारा.

मे महिन्यात, एका सोमवारी नवा सर्व्हर सुरू झाला. शेषेरावांनी नारळ फोडला, विरूपाक्षने प्रत्येकाला शिकवलं. मलप्पाला एक टॅब मिळाला. मोठी अक्षरं, लॉटचा नंबर, समोर एक चौकोन. ‘मोजून जो आकडा येईल तो इथं टाकायचा, काका.’

मलप्पाने चौकोनाकडे नीट बघितलं. ‘आणि वरचे कुठं टाकायचे ओ?’

विरूपाक्षला वाटलं, हा दशांश चिन्हाबद्दल बोलतोय. ‘वरचे सोडून द्या. पूर्ण आकडा तेवढा टाका.’

उज्वला तेव्हा आपल्या टेबलावर होती. तिने हे ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं तिला पुढे कित्येक दिवस वाटत होतं. पण ते तितकंसं खरं नव्हतं.

सोमवार, मंगळवार, बुधवार बाकडं रिकामं राहिलं. माणसं समोरून जात, हसत, ‘काय ताई, आता आराम’ म्हणत आणि आपापल्या फोनमध्ये लिहीत. तिने तीन दिवस चहा एकटीने घेतला. फाईल मात्र ती रोज दहाला उघडत असे. आता ती उघडून कुणाचं काही अडत नव्हतं. चौकोनात दुसऱ्यांची अक्षरं आपोआप उमटत, आणि ती घरातल्या पाहुण्यासारखी बघत बसे.

गुरुवारी मलप्पाचा पहिला लॉट मोजायला आला. बेचाळीस नंबर, एकशे साठ पोती, माल आधीच नांदेडच्या गोदामात. दहा चाळीसला उज्वलाच्या पडद्यावर त्या ओळीत सतरा उमटलं आणि सगळी ओळ लाल झाली. सत्तरच्या खाली आलं की लाल, ही विरूपाक्षचीच सोय.

तिला एका नजरेत कळलं. सतरा पंजे. पंच्याऐंशी, आणि वर काही असतील ते वेगळे.

अकरा वाजून बारा मिनिटांनी तिने सतरा खोडून पंच्याऐंशी लिहिलं. ओळ पांढरी झाली. उगवणीच्या खोलीचं दार उघडंच होतं, आत मलप्पा पाठमोरा उगवणीचे जाड कागद पुन्हा वापरायला धूत होता. समोर बाकडं होतं. तिच्या मनात आलं, हे मी दुरुस्त केलं हे कुणाला कळणार? कुणालाच नाही. मलप्पा उद्या पुन्हा पंजे लिहील, मी पुन्हा गुपचूप पाचाने गुणीन, आणि हंगाम सरल्यावर म्हणतील, यंत्र किती छान चालतंय. अकरा पंधराला तिने पंच्याऐंशी खोडून पुन्हा सतरा लिहिलं. ओळ लाल झाली.

तिला कुणाचं वाईट करायचं नव्हतं. तिला फक्त फोन यायला पाहिजे होता. देविदासला लाल दिसेल, तो दचकेल, त्याला वाटेल काहीतरी गडबड आहे, तो फोन करून म्हणेल, ‘ताई, हे काय?’ आणि मग ती सांगेल. एवढंच. ती फोनपाशी बसून राहिली. जेवणाचा डबाही तिथंच उघडला. दुपारी दोन फोन आले, एक खतवाल्याचा, एक भागवतचा, की येताना दळण घेऊन ये. देविदासचा आला नाही. त्याला का यावा? त्याला पडद्यावर सगळं दिसत होतं. सहा वाजता ती उठली. देविदासला आपणच फोन करावा असं वाटलं, रिसीव्हर उचललाही, आणि ठेवून दिला. उद्या सकाळी करू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी नऊलाच आली आणि फोन लावला.

‘बेचाळीस नंबर?’ देविदास म्हणाला. ‘त्यो तर गेला की, ताई. लाल होता ना. धर्माबादच्या बाजूला रिकामी गाडी चालली होती, सकाळी सहालाच भरून दिला. आतापोत्तर गिरणीत पडला असंल.’

‘बरं,’ उज्वला म्हणाली.

अकरापर्यंत गोष्ट शेषेरावांच्या कानावर गेली. बेचाळीस नंबर त्यांच्या सगळ्यात भरवशाच्या शेतकऱ्याचा माल होता. त्याची उगवण सतरा होऊच शकत नाही, हे त्यांना कागद न बघता माहीत होतं. शिवाय त्या वर्षी चांगलं बियाणं आधीच कमी. ते उगवणीच्या खोलीच्या दारात जाऊन गरजले. मलप्पा टॅब छातीशी धरून बाहेर आला.

‘काय लिहिलंस?’

‘सतरा लिहिलं, साहेब. सतराच हाईत. दोनदा मोजलं.’

‘शंभरात सतरा?’

‘हाव.’

‘मंग चौदा वर्षं काय हजामत केलीस का इथं? उद्यापासून येऊ नको.’

मलप्पाने खरंच दोनदा मोजलं होतं. आपण काय चुकलो हेच त्याला कळेना, आणि न कळलेल्या चुकीची माफी कशी मागतात तेही कळेना.

‘साहेब,’ उज्वला म्हणाली, ‘त्याचे सतरा म्हंजे पंजे हाईत. सतरा पाचे पंच्याऐंशी. तो लई वर्षांपासून तसंच मोजतोय. मी गुणून लिहीत होते.’

मलप्पाने जोरात मान हलवली. ‘आणि वर दोन होते, अक्का! हे म्हणले वरचे सोडा.’ त्याने नव्या सर्व्हरच्या कामासाठी अजून ऑफिसात येणाऱ्या विरूपाक्षकडे बोट दाखवलं. विरूपाक्षने कपाळाला हात लावला.

शेषेराव खुर्चीत बसले. मग ते म्हणाले, ‘बघितलंस का, विरूपाक्ष? इतकी वर्षं ही बाई गुणून लिहीत होती म्हणून आपण धंद्यात हाव. तुझं ते सगळ्यांचं-बिगळ्यांचं राहू दे. फाईल पहिल्यासारखी ताईकडंच दे. ताई सांगतील ते खरं.’

हे शब्द ऐकायला उज्वला एकोणीस वर्षं बसली होती. ते आले, आणि तिला खाली बघावं लागलं.

‘देतो, सर,’ विरूपाक्ष म्हणाला. ‘कधी काय झालं तेवढं बघून घेतो.’ त्याने लॅपटॉपवर त्या चौकोनाचा इतिहास उघडला. जुन्या सर्व्हरमध्ये ही सोय नव्हती. त्यात शेवटचा आकडा तेवढा राहायचा, मागचं पुसलं की पुसलं. इथं तीन ओळी होत्या. दहा चाळीस, मलप्पा, सतरा. अकरा बारा, उज्वला, पंच्याऐंशी. अकरा पंधरा, उज्वला, सतरा.

तो उज्वलाच्या शेजारीच बसला होता. तिनेही त्या ओळी वाचल्या. विरूपाक्षने तिच्याकडे बघितलं, मग हळूच लॅपटॉप मिटला. ‘काही विशेष नाही, सर,’ तो म्हणाला. ‘मी संध्याकाळपर्यंत फाईल ताईंकडे करून देतो.’ एवढं म्हणून तो आपली वायर गुंडाळायला लागला. महिनाभराचं काम त्याने एका वाक्यात सोडून दिलं होतं, आणि तेही जिने त्याला एकदासुद्धा चहा विचारला नव्हता तिच्यासाठी.

ते तिला सहन झालं नाही. त्याने आरडाओरडा केला असता तर कदाचित ती भांडली असती.

‘उघड ते,’ उज्वला म्हणाली.

‘जाऊ द्या, ताई.’

‘उघड म्हणते ना, बाबा. साहेबांना दाखव.’

शेषेरावांनी चष्मा चढवून तीन ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. ‘म्हंजे तुम्हाला कालच माहीत होतं.’

‘हाव.’

‘दुरुस्त केलतं.’

‘हाव. आणि पुन्हा बिघडवलं. त्यो दुसरा सतरा माझा हाय.’

‘का?’

उज्वलाला पुष्कळ सांगता आलं असतं. ‘सोमवारपासून बाकड्यावर कुणी बसलं नव्हतं,’ ती म्हणाली. तिच्या तोंडून हे बाहेर पडलं आणि किती छोटं आहे ते तिलाच ऐकू आलं. एकशे साठ पोत्यांचं तेल निघालं होतं. मलप्पा अजून टॅब छातीशी धरून उभा होता, आणि तो आता साहेबांकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

शेषेरावांनी तिला काढलं नाही. ओरडलेही नाहीत, ओरडायचं होतं ते सगळं मलप्पावर संपलं होतं, याची त्यांनाच लाज वाटत असावी. फाईल सगळ्यांचीच राहिली. विरूपाक्षने मलप्पाच्या टॅबवर एकाचे दोन चौकोन केले, एक पंज्यांचा, एक वरच्यांचा. गुणाकार यंत्रच करू लागलं. एकाने मोजलेलं दुसऱ्याने मोजायचं, दोन्ही जुळलं तरच चढवायचं, असा नवा नियम झाला, आणि दुसरं माणूस म्हणून उज्वलाला उगवणीच्या खोलीत बसवलं. दारापासून दुसरं, तिचं टेबल विरूपाक्षच्या सामानाला गेलं. बाकडं तिने स्वतः उचलून आत नेलं, कारण आत बसायला काही नव्हतं.

मलप्पा पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही. आपले दोन चौकोन भरायचे, टॅब तिच्याकडे सरकवायचा आणि कागद धुवायला उठायचा. उज्वला एक-एक कोंब बोटाने बाजूला करत मोजे. तिला वेळ लागे, पाठ दुखे, ओल्या कागदाचा वास घरी जाईपर्यंत हाताला राहत असे. पहिल्या आठवड्यात तिचा आकडा तीनदा चुकला. तिन्ही वेळा मलप्पाचा बरोबर होता.

सोळाव्या दिवशी तिने एकशे सात नंबरची गुंडाळी उघडली, मोजली, आणि पुन्हा मोजायला घेतली. मलप्पा बाकड्यावर बसला होता. तो बराच वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिला.

‘अठरा वर एक,’ तो म्हणाला.

उज्वलाची बोटं थांबली. तिचा आकडाही तोच आला होता, पण तिने उत्तर द्यायची घाई केली नाही. राहिलेले कोंब सावकाश मोजून संपवले.

‘एक्याण्णव,’ ती म्हणाली, आणि टॅब त्याच्याकडे सरकवला.